मदत हवी आहे: अमेरिकेतले 'ब्लॅक कोड्स' आणि १८६७ नंतरचं वाचन

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'वर बोलायचं आहे. १८७३ सालचं हे पुस्तक त्यांनी अमेरिकेत गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केलं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण सुटलेल्या त्या माणसांचं पुढे काय झालं? ते सांगितल्याशिवाय हा विषय अपुरा राहील असं मला वाटतं, म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याचे १८६५ च्या नोव्हेंबरातले 'ब्लॅक कोड्स', म्हणजे सुटलेल्या काळ्या माणसांवर बंधनं घालणारे कायदे, वाचायला घेतले. वाचताना जीव कळवळला.

काळ्या माणसाने जानेवारीपर्यंत राहत्या जागेचा किंवा कामाचा लेखी पुरावा दाखवायचा. तो नसेल आणि भटक्या ठरला, तर पन्नास डॉलरपर्यंत दंड. पाच दिवसांत भरला नाही, तर जो कोणी तो दंड भरेल त्याच्याकडे शेरीफ त्याला कामाला जुंपणार. शहराबाहेर जमीन खंडाने घ्यायची नाही. अनाथ किंवा गरीब मुलं शिकाऊ म्हणून बांधून द्यायची, मुलगे एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि त्यांच्यावर पहिला हक्क जुन्या मालकाचा!

सगळ्यात क्रूर मला मजुरीचा करार वाटला. मुदतीआधी सबळ कारणाशिवाय काम सोडलं, की त्या वर्षाची तोवरची सगळी मजुरी बुडाली. म्हणजे जानेवारीपासून कापसात राबलेला माणूस ऑक्टोबरात निघाला तर रिकाम्या हाताने. वर त्याला पकडून आणणाऱ्याला पाच डॉलर आणि मैलामागे दहा सेंट मिळणार. ते मालकाने द्यायचे, पण मजुराच्याच मजुरीतून वळते करून घ्यायचे. पळालेल्याला धरून आणायचा खर्चही त्याच्याच माथी.

काळ्यांनाही नागरी हक्क देणारा १८६६ चा कायदा अध्यक्ष जॉन्सन यांचा नकाराधिकार डावलून झाला, १८६७ पासून दक्षिणेत लष्करी अंमल आला, इथपर्यंत मला नीट लागलं. त्यानंतर थेट १९११ मधला अलाबामाचा बेली खटला सापडतो. पंधरा डॉलर उचल घेऊन काम सोडलं म्हणून अलोन्झो बेलीला फसवणुकीचा गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

माझी अडचण या मधल्या काळाची आहे. कायद्यात वंशाचं नावही न घेता उचल, दंड आणि भटकेपणा यांच्या जोरावर तीच सक्ती कशी परत आणली, हे क्रमाने समजावणारं काही कुणी वाचलंय का? मराठीत असेल तर फारच उत्तम, इंग्रजीही चालेल. कैद्यांना मजुरीवर देण्याची पद्धत याला नेमकी कुठे जोडली जाते, तेही जाणकारांनी सांगावं.

आणखी एक. आपल्याकडेही १८५९ चा मजुरांच्या करारभंगाचा कायदा होता, त्यातही उचल घेऊन काम न करणाऱ्याला शिक्षा होती. मुंबई इलाख्यात तो कसा वापरला गेला, यावर कुणी अभ्यास केला असल्यास कृपया लिहा. ऐकायला येणाऱ्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं असतात. उचल म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही, म्हणून हा भाग मला अर्धवट माहितीवर मांडायचा नाही.