कप घेतला, आत गेला, पण काढताना घाम फुटला. आता परत पॅडवरच जाऊ का?

घाबरट_ससा:
नमस्कार सगळ्यांना, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय त्यामुळे सांभाळून घ्या. मला नेहमीच्या पॅडने जांघेत पुरळ येतं, तिसऱ्या दिवसापर्यंत चालणं नको होतं, म्हणून मागच्या महिन्यात मासिक पाळीचा कप (आत बसवून रक्त साठवायची ती मऊ वाटी) घेतला. तिसऱ्या प्रयत्नात आत गेला आणि खरं सांगते, पाच तास कळलंसुद्धा नाही की आत काही आहे म्हणून. इथपर्यंत झकास. संध्याकाळी काढायला गेले तर ती खालची दांडी हाताला लागेचना, लागली की सटकायची. मी ओढतेय, तो जागचा हलत नाही, बाहेरून नवरा विचारतोय झालं का गं, आणि मी आत रडकुंडीला आलेली. अर्ध्या तासाने निघाला तो सगळं सांडूनच. फरशी बघून वाटलं आता पोलीस येतील.
तेव्हापासून कप कपाटात पडून आहे. माझं शरीरच कपासाठी बनलेलं नाही असं असतं का? का सरळ धुवायचे कापडी पॅड घेऊ? पण ते ऑफिसात बदलायचे कसे, वास येत असेल ना, डाग जातात का? डोकं भंजाळलंय नुसतं.

पावशेर_शहाणी:
अगं ससे, हे आमच्यातल्या निम्म्या जणींचं झालेलं आहे, फक्त कुणी सांगत नाही. तुझी चूक एकच, तू दांडी ओढलीस. दांडी ओढण्यासाठी नाहीचे, ती फक्त कप कुठे आहे ते सापडावं म्हणून असते. कप आतल्या भिंतीला हवाबंद चिकटून बसतो, नुसता ओढला की तो जास्तच घट्ट धरतो आणि दुखतं ते वेगळंच. आधी हात धू, उकिडवी बस, शौचाला देतो तसा हलका जोर खाली दे, कप आपोआप खाली सरकतो. मग अंगठा आणि एक बोट घालून कपाचा बुडखा चिमटीत दाब, बारीकसा फुस्स आवाज येईल किंवा पकड सुटल्यासारखं वाटेल. ते झाल्याशिवाय ओढायचं नाही! मग डावीकडे उजवीकडे हलवत हळूहळू खाली आण, आणि कड बाहेर येताना एक बाजू आधी काढ, कप सरळ धर, म्हणजे फरशीवर गुन्ह्याचा सीन होत नाही.
आणि तो आत हरवत नाही गं. वर गर्भाशयाचं तोंड असतं, त्यातून कप काय, त्याची दांडीपण जाणार नाही. घाबरलं की तिथले स्नायू आवळतात, मग अजूनच निघत नाही. अशा वेळी कपडे घालून बाहेर ये, वीस मिनिटं दुसरं काहीतरी कर, परत जा. १२ तास होत आले आणि तरी निघाला नाही तर मात्र डॉक्टरकडे जायचं, लाज नाही धरायची, त्यांच्यासाठी हे रोजचं आहे.

दुपारचं_ऊन:
मी कापडी पॅडवाली, चार वर्षं झाली. कप दोनदा करून बघितला, नाही जमलं, सोडून दिला. वासाचं म्हणशील तर वास ओला पॅड बंद पिशवीत दिवसभर कोंबून ठेवला तर येतो, किंवा लोकं बादलीत दोन दोन दिवस भिजत घालतात त्याला येतो. ऑफिसात माझ्याकडे झिपची वॉटरप्रूफ पिशवी असते, वापरलेला पॅड आतल्या बाजूला दुमडून त्याचंच बटण लावायचं, बोटाएवढी घडी होते, पिशवीत टाकायची, घरी आलं की पहिल्यांदा गार पाण्यात. गार म्हणजे गारच. गरम पाण्याने रक्तातलं प्रोटीन कापडात पक्कं बसतं आणि मग तो डाग जन्मभर तुझा. मी पहिल्या महिन्यात शहाणपणा करून कडकडीत पाण्यात टाकले होते, दोन पॅड अजून तपकिरी आहेत. लाल पाणी जाईपर्यंत चोळून काढायचं, मग साध्या साबणाने किंवा मशीनमध्ये, आणि कडक उन्हात वाळवायचे. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, धाग्यांवर त्याचा थर बसतो आणि पॅड शोषायचंच विसरतो, अंगावरून वाहतं सगळं. मधे जो पातळ वॉटरप्रूफ थर असतो त्याला इस्त्री चालत नाही हेपण लक्षात ठेव.
पुरळ माझंपण गेलं. पण सगळ्यांचं जाईलच असं नाही, वरचा थर कुठल्या कापडाचा आहे त्यावर बरंच असतं, सुती बघून घे.

वाकडी_वाट:
मी जरा उलटं बोलते. हे कपाचं प्रकरण ऐकताना असं वाटतं की एकदा जमलं की स्वर्ग. २०१९ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात ४३ अभ्यास एकत्र करून एक आढावा आला होता, सुमारे ३,३०० जणींचा. त्यात जिथे जिथे विचारलं गेलं तिथे साधारण ७० टक्के जणी कप पुढेही वापरायला तयार होत्या आणि हात बसायला काही महिने जातात असंही दिसलं. म्हणजे चांगलंच आहे, पण सगळ्याजणी नाही हेपण त्यातच आलं. त्यामुळे तुला एका पाळीत जमलं नाही म्हणून निकाल लावू नकोस, आणि चार पाळ्यांनंतरही नको वाटलं तर खुशाल सोड, कोणी परीक्षा घेत नाहीये. मी रात्री पिरियड पँटी (रक्त शोषणारी, धुऊन परत वापरायची), बाहेर असताना कप, शेवटचे दोन दिवस पातळ कापडी पॅड. प्रवासात कधी कधी साधे पॅडपण. पँटीचं एकच दुखणं, वाळायला जीव खाते, ढगाळ हवेत दीड दिवस.

टकाटक_७७:
एक प्रश्न मधेच, मला तांबी बसवलेली आहे, कप चालेल का?

पावशेर_शहाणी:
@टकाटक, आधी ज्यांनी बसवली त्या डॉक्टरांना विचार. कप ओढताना त्या ओढीने तांबी सरकल्याचे, बाहेर आल्याचे प्रकार नोंदलेले आहेत. काही जणी वापरतात, पण तांबीचा धागा आखूड कापून घेणं आणि कप ओढण्याआधी त्याची हवाबंद पकड सोडवणं हे दोन्ही बोलून घे. तोवर कापडी पॅड बरे.

गणिती_मावशी:
एक फायदा कोणी सांगितला नाही. माझ्या कपावर मिलीच्या खुणा आहेत. मला वर्षानुवर्षं वाटायचं सगळ्यांना एवढंच जातं, डॉक्टरनी विचारलं रक्तस्राव जास्त आहे का की मी म्हणायचे नाही हो नॉर्मलच. कप वापरायला लागल्यावर कॅलेंडरवर मांडायला लागले, एका पाळीत १२० च्या वर निघालं. ८० मिलीच्या वर म्हणजे जास्त धरतात. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला तेव्हा त्यांनी लगेच हिमोग्लोबिन करायला लावलं, कमीच निघालं. पॅडवर हे कधी कळलंच नसतं.
बाकी कप पाळी संपल्यावर पाच मिनिटं उकळायचा, कंपनीच्या कागदावर असेल तेवढं. पातेल्याच्या बुडाला टेकू द्यायचा नाही, मी स्टीलच्या व्हिस्कमध्ये अडकवून उकळते. का, तर पहिला कप मी गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसले होते. पाणी आटलं, कप बुडाला चिकटला, घरभर जळका वास, आणि मुलगा विचारतोय आई आज काय केलंस.
आणि एक, ताप, उलटी, अंगावर चट्टे असं काही झालं तर कप लगेच काढून डॉक्टर. फार क्वचित होतं, पण होतं ते गंभीर असतं.

घाबरट_ससा:
तीन आठवड्यांनी परत आले! काल काढला, उकिडवी बसून, बुडखा दाबून, आणि तो फुस्स आवाज खरंच आला!!! दोन मिनिटं लागली. पावशेर ताई तुमचे पाय कुठे आहेत. पण आज सकाळपासून थोडं थोडं गळतंय, कप तर अर्धापण भरलेला नव्हता. मोठा साइज घेऊ का?

पावशेर_शहाणी:
पाय राहू देत 😄 साइज आत्ताच नको. अर्धा रिकामा असून गळतोय म्हणजे बहुतेक घालताना केलेली घडी आत पूर्ण उघडली नाही. घातल्यावर एक बोट बुडख्याभोवती फिरवून बघ, कुठे चेपल्यासारखा लागला तर बूड धरून थोडा गोल फिरव, उघडतो. आणि कडेखालची ती बारीक भोकं बुजलीत का ते बघ, कप पाण्याने भरून तळहाताने तोंड दाबून पिळलास की पिचकारी उडते, साफ होतात. तोंड लांब ठेव फक्त.