मदत हवी आहे: लिनक्सवर जुन्या ड्राइव्हवरचे गेम सुरूच होत नाहीत

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि मी पीसीवर लिनक्स टाकलं. २०१८ मध्ये आलेल्या प्रोटॉनबद्दल (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन) ऐकून होतो, पण विंडोजचे गेम इतके सहज चालतील असं खरंच वाटलं नव्हतं. फार आनंद झाला!

अडचण एकच. जुन्या एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टीम) ड्राइव्हवरचे गेम स्टीममध्ये (गेम घेण्याचं आणि चालवण्याचं ॲप) दिसतात, पण 'प्ले' दाबलं की क्षणात बंद. तेच गेम ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टीम) ड्राइव्हवर पुन्हा टाकले की नीट चालतात. सगळे परत डाउनलोड करायचे म्हणजे शेकडो जीबी. फक्त कॉम्पॅटडेटा फोल्डर (यात प्रोटॉन गेमसाठी लागणाऱ्या आपल्या फाइल ठेवतो) लिनक्सच्या ड्राइव्हवर हलवून जुन्या जागी सिमलिंक (नव्या जागेकडे नेणारा दुवा) दिली तर भागेल का? की ड्राइव्ह फॉरमॅटच करावी? कुणी केलं असेल तर कृपया सांगा. (अँटी-चीटवाले, म्हणजे फसवेगिरी रोखणारं सॉफ्टवेअर असलेले, ऑनलाइन गेम मी खेळत नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही.)