साय-फाय प्रेमकथा लिहितोय, नायिका खरी की प्रोग्राम इथे अडलोय

दिवाडीची_फेरी:
दोन महिने एक गोष्ट लिहितोय, साय-फाय आहे पण आतून प्रेमकथाच. तो गोव्यातल्या दिवाडी बेटावरचा, खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतात, भात करणारा. ती पणजीहून भरती-ओहोटी मोजायला येते, मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाणी अडवायच्या दारांपाशी, पट्टी लावलीय तिने. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, चंद्र पुढे सरकतो म्हणून, तर तिच्या लक्षात येतं की सलग तीन दिवस पाणी त्याच मिनिटाला चढलंय. चौथ्या दिवशी सगळं सुरळीत, आणि वहीतल्या वेळासुद्धा बदललेल्या, तिच्याच अक्षरात! आठवतं फक्त दोघांना, कारण पाण्याच्या दाबाने मानशीची दारं मिटताना त्यांनी एकत्र बघितलेली. मग कळतं की हे जग कुठेतरी मशीनवर चालतंय. आणि शेवटच्या पानावर त्याला कळतं की तीसुद्धा प्रोग्रामच, त्याला खूष ठेवायला बनवलेली. लिहिताना मला रडू आलं. बायकोला वाचायला दिलं तर ती एवढंच म्हणाली, "मग तिला काय वाटलं ते कुठाय?" तेव्हापासून एक ओळ पुढे जात नाहीये. त्यांचं प्रेम खरं होतं की नव्हतं?

म्हापसा_शुक्रवार:
वहिनींनी बरोबर जागी बोट ठेवलंय. तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रमचा २००३ चा पेपर, ज्यावरून हा वाद पेटला, त्यात तो आपण नक्की सिम्युलेशनमध्ये, म्हणजे मशीनवर चालवलेल्या जगात, आहोत असं म्हणतच नाही. तो म्हणतो तीनपैकी एक तरी खरं, एकतर आपल्यासारखे जीव असं जग चालवायची ताकद यायच्या आधीच संपतात, किंवा ताकद येऊनही पूर्वजांची सिम्युलेशन्स चालवत बसत नाहीत, किंवा आपण जवळजवळ नक्की आत आहोत. पण आत असलो तरी विचार आपलाच, दुखणंही आपलंच. म्हणजे मशीनवर जसा तो तशीच ती, मग रडायचं कशाला? हां, एकाच माणसाभोवती रचलेलं जग आणि बाकी नुसत्या सावल्या, ही शक्यताही त्याच पेपरात आहे आणि तुमचं शेवटचं पान तिकडे घसरलंय. पण सावलीने भरतीची चूक पकडली कशी? शंका आधी तिला आली ना!

कवळ्याचा_वाचक:
आमच्या कवळ्याला ज्यांच्या नावाचा मठ आहे ते गौडपादाचार्य, परंपरेने शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू, त्यांनी मांडूक्य उपनिषदावरच्या आपल्या श्लोकांमध्ये, म्हणजे कारिकांमध्ये, हेच विचारलंय की जागेपण स्वप्नापेक्षा खरं कशावरून. कोणी म्हणेल जागेपणीचं जेवण भूक भागवतं. पण पोटभर जेवून झोपलेला माणूस स्वप्नात उपाशी फिरतोच की. लहानपणी आजोबांकडून हे ऐकलं की मला झोप लागायची नाही. मात्र प्रेमकथेला हे पुरत नाही, स्वप्नात बघणारा एकटाच असतो. त्यासाठी ज्ञानेश्वरांकडे या. अमृतानुभवाची सुरुवातच शिव-शक्तीच्या जोडप्याने होते, तत्त्व एकच पण प्रेमासाठी दोन झालेलं, आणि जग तिथे भ्रम नाही, चैतन्याचा विलास आहे. तुम्ही शेवटी तिला पुसून त्याला एकटा केलात, तिथेच गोष्ट कोसळली.

साखळी_स्टँड:
मी भौतिकशास्त्र शिकवते. २०१२ मध्ये तीन भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलं होतं की अवकाश जर सलग नसून आलेखाच्या कागदासारख्या बारीक जाळीवर मोजून चालवलेलं असेल तर सगळ्यात जास्त ऊर्जेचे वैश्विक किरण सर्व दिशांनी सारखे न येता त्या जाळीच्या दिशा दाखवतील. म्हणजे अशी गोष्ट तपासता येते. तुमची नायिका मोजणारी आहे, तिला मोजू द्या, शेवटच्या पानावर नुसतं "कळतं" नको. आणि वही बदलली ठीक, पण दार मिटताना खांबाची सावली जिथे पडायची तिथे त्याने रोज कोयत्याने चिऱ्यावर रेघ मारली असेल तर? तिन्ही दिवसांच्या रेघा एकाच जागी, एकीवर एक. त्या पुसायच्या राहून गेल्या.

दिवाडीची_फेरी:
चिऱ्यावरच्या रेघा! हे मला सुचायला हवं होतं, मानशीवर बसून लहानाचा मोठा झालोय. शेवटचं पान काढून टाकलं. आता तिच्या बाजूने लिहायला घेतलंय. रेघा तिला सापडतात आणि फेरी सुटायच्या आधी ती विचारते, तू माझ्यासाठी बनवलेला तर नाहीस ना? त्याला उत्तर देता येत नाही. दुसऱ्या दिवशी दार मिटायच्या वेळेला तो कोयता घेऊन हजर असतो, आणि कोयता तिच्या हातात देतो. पुढचं अजून लिहायचंय, आधी बायकोला वाचून दाखवतो मग इथे टाकतो.