ओपन सोर्स जीआयएसच्या कार्यशाळा: शिकवतात सॉफ्टवेअर, डेटा शेअर कोण करतंय?

नकाशेवाला
जीआयएस म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागेशी जोडलेला डेटा हाताळणं. त्यातल्या क्यूजीआयएस (नकाशे करायला), जिओसर्व्हर आणि जिओनोड (तो डेटा नेटवर शेअर करायला) या खुल्या, फुकट सॉफ्टवेअरच्या कार्यशाळांचं हल्ली पेव फुटलंय. कॉलेज घ्या, एनजीओ घ्या, सरकारी प्रशिक्षण केंद्र घ्या, दोन दिवस, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो. मी अशा ठिकाणी शिकायलाही गेलोय आणि शिकवायलाही, म्हणून बोलतोय. बॅनरवर लिहिलेलं असतं 'जिओडेटा शेअरिंग' आणि शिकवतात नकाशा रंगवायला. पहिला दिवस इन्स्टॉल करण्यातच जातो कारण निम्म्यांच्या ऑफिस लॅपटॉपला अ‍ॅडमिन राइट्स नसतात, दुसऱ्या दिवशी ट्रेनरने घरूनच धुऊनपुसून आणलेला डेटा, जिल्ह्याच्या सीमा, नद्या, रस्ते, मग रंग द्या, लेजेंड लावा, उत्तरेचा बाण लावा, पीडीएफ काढा, झालं. शेवटच्या अर्ध्या तासात चहा येतो आणि त्या गडबडीत जिओसर्व्हरवर एक लेअर (नकाशातला डेटाचा एक थर) चढवून दाखवतात, तोही लोकलहोस्टवर, त्याच लॅपटॉपवर! म्हणजे शेअर केला कुणाशी, स्वतःशीच ना.
परत गेल्यावर शिकणाऱ्याकडे ना सर्व्हर, ना साहेबांची परवानगी, आणि डेटा नेमका कुणाच्या मालकीचा, कुठल्या लायसन्सखाली द्यायचा यावर दोन दिवसांत कुणी अवाक्षर काढलेलं नसतं. माझं मत: दोन वर्षं या कार्यशाळा बंद करा आणि तोच पैसा एका जिल्ह्याचा एक सर्व्हर आणि तो सांभाळणारा एक माणूस यावर खर्च करा. बोला.

मास्तर_भूगोल
बंद करा म्हणणं फार सोपंय. आमच्या कॉलेजात एकेकाळी अख्ख्या डिपार्टमेंटला जीआयएसचं एक लायसन्स होतं, ते चालवायला लागणारा डोंगल सरांच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली सरांच्या खिशात. पोरं परीक्षेपुरतं स्क्रीनचं दर्शन घ्यायची. आज एफवायचा पोरगा घरच्या जुन्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस टाकतो आणि आपल्या गावच्या विहिरी मार्क करतो. २००२ मध्ये गॅरी शर्मन नावाच्या माणसाने लिनक्सवर डेटा नुसता बघता यावा म्हणून सुरू केलेलं हे प्रकरण, ते आमच्यापर्यंत पोचलं ते अशाच दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळांमधून. तुम्ही ज्याला रंगवणं म्हणता ना, ते केल्याशिवाय डेटातली घाण दिसत नाही. नदीच्या मधोमध शाळा कुठल्या एक्सेलमध्ये दिसते सांगा.

सर्व्हररूम
मी नकाशेवाला यांच्याही पुढे जाऊन म्हणतो की दोन दिवसांत जिओसर्व्हर शिकवणं हे सरळ सरळ धोकादायक आहे. इन्स्टॉल केल्यावर युजर अ‍ॅडमिन आणि पासवर्ड जिओसर्व्हर, हे साऱ्या जगाला ठाऊक, आणि कार्यशाळेत 'हा नंतर बदला बरं का' एवढं बोलून पुढे. नंतर कोण बदलतंय. २०२४ मध्ये जिओसर्व्हरमध्ये भलं मोठं भोक सापडलं, लॉगिनसुद्धा लागत नव्हतं, बाहेरचा माणूस नुसती रिक्वेस्ट पाठवून तुमच्या मशीनवर हवा तो कोड चालवू शकत होता. पॅच लगेच आला, पण जुलैपर्यंत अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने ते प्रत्यक्ष हल्ले होत असलेल्या त्रुटींच्या यादीत टाकलंसुद्धा. आता कार्यशाळेतून उत्साहाने येऊन कुणी ऑफिसच्या कोपऱ्यातल्या पीसीवर चालू केलेला जिओसर्व्हर कधी अपडेट होणार? जो कुणी केला तो बदलीवर गेलेला असतो.
गावपातळीच्या डेटाला सर्व्हर लागतच नाही. एक जिओपॅकेज फाइल (नकाशाचा सगळा डेटा एकाच फाइलमध्ये) करा, डाउनलोडची लिंक द्या, सोबत एका पानावर लिहा डेटा कुठला, कधीचा, कुणी केला. बास.

मास्तर_भूगोल
जिओपॅकेजला +१. शेपफाइल, म्हणजे नकाशा-डेटाचा जुना फॉरमॅट, शिकवणं तर कायद्याने बंद केलं पाहिजे. मराठीतला डेटा भरा, अक्षरं कशी वाचायची ते सांगणारी सीपीजी फाइल सोबत गेली नाही की समोरच्याकडे नुसती चिन्हांची रांगोळी. आणि कॉलमच्या नावाला दहाच बाइट, देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, त्यामुळे 'गावाचे_नाव' मधलं 'गाव' एवढंच उरतं. तरी कार्यशाळेत पहिल्या तासाला शेपफाइलच!

वैनगंगा
पुण्या-मुंबईच्या लोकांनी सर्व्हरचं भांडण जरूर करा, पण आमच्याकडचंही ऐका. गडचिरोलीत सामूहिक वनहक्काचं, म्हणजे गावाच्या जंगलावर ग्रामसभेच्या कायदेशीर हक्काचं, काम आहे. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरचा हक्क मिळाला तेव्हापासून कितीतरी ग्रामसभा आपापल्या जंगलाच्या सीमा मोजतायत. पोरं जीपीएस घेऊन सीमेवरून चालतात, सोबत एक म्हातारं माणूस असतं ज्याला कुठला नाला कुणाचा ते पाठ असतं, मग क्यूजीआयएसमध्ये बसून नकाशा करतात. ही पोरं कार्यशाळेतच शिकलीत. त्याआधी नकाशासाठी ऑफिसच्या पायऱ्या झिजवायच्या आणि बाबू सांगेल ती रेघ खरी मानायची. आता आमचा नकाशा आमच्याकडे आहे, समोरच्याला 'दाखवा तुमची रेघ' म्हणता येतं. तुमची दोन वर्षं बंदी आम्हाला परवडणार नाही भाऊ.
हां, ट्रेनरबद्दल मात्र माझीही तक्रार आहे. पश्चिमेकडून येतात आणि सगळ्यांना नकाशा सपाट करायचा पट्टा म्हणून झोन ४३, म्हणजे सॉफ्टवेअरमधला ईपीएसजी ३२६४३ हा कोड, लावायला सांगतात, स्लाइडवर तेच छापलेलं असतं. ७८ रेखांशाच्या पूर्वेला झोन ४४ लागतो! नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, आम्ही, सगळे ४४ मध्ये. चुकीच्या झोनवर सपाट क्षेत्रफळ काढलं तर आमच्याकडे शंभर हेक्टरमागे अर्ध्या हेक्टरहून जास्त फरक पडतो, आणि मग तेवढ्याच फरकावर दावा अडवतात.

नकाशेवाला
वैनगंगा ताई, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे की. तुमच्या पोरांना स्वतःच्या जंगलाची रेघ हवी होती म्हणून ती शिकली, गरज आधी होती आणि डेटा त्यांचा होता. मी बोलतोय ते हॉलमध्ये बसवलेल्या त्या लोकांबद्दल ज्यांना हे कशासाठी शिकतोय तेच माहीत नसतं. बाकी क्षेत्रफळासाठी प्रोजेक्टमध्ये इलिप्सॉइड (पृथ्वीचा गोलसर आकार) सेट करून क्यूजीआयएसमधलं डॉलर एरिया हे सूत्र वापरलं की झोनची भानगड राहत नाही, एरिया कंसात जॉमेट्री लिहिलं की मात्र ते सपाटच मोजतं. हे शिकवायला दहा मिनिटं लागतात, पण ती दहा मिनिटं उत्तरेच्या बाणाला जातात.

वैनगंगा
डॉलर एरिया आमच्या पोरांना माहीतेय हो, पण छाननीला बसणारा स्लाइडवरचा झोन लावून आकडा तपासतो त्याचं काय? आणि शेअर शेअर काय लावलंय, सगळंच शेअर करायचं नसतं. मधाची झाडं कुठं, देवाचं ठिकाण कुठं हे नेटवर टाकलं की आठवड्यात गाडी येते. काय उघडं करायचं ते ग्रामसभा ठरवेल.

गोदाकाठ
इथे काठमांडूचं कुणीच कसं काढलं नाही? तिथे २०१२ च्या शेवटाला वर्ल्ड बँकेच्या मदतीने खोऱ्यातल्या शाळा-दवाखान्यांचं ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या नेटवरच्या नकाशावर मॅपिंग सुरू झालं, कॉलेजातल्या पोरांना ट्रेनिंग देऊन. त्यातूनच २०१३ ला काठमांडू लिव्हिंग लॅब्स ही संस्था उभी राहिली. २५ एप्रिल २०१५ ला भूकंप झाला तेव्हा नकाशाही तयार होता आणि तो वापरणारी माणसंही, जगभरातून हजारोंनी घरबसल्या रस्ते-घरं काढून हातभार लावला. कार्यशाळा निरुपयोगी म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

नकाशेवाला
वाचलंय. ती दोन दिवसांची कार्यशाळा होती का? ट्रेनिंगच्या आधी काम ठरलेलं होतं, खऱ्या इमारतींचा सर्व्हे होता, डेटा पहिल्या दिवसापासून उघड्यावर जात होता आणि ट्रेनिंग संपल्यावरही संस्था उभी राहिली. माझी मागणी याहून वेगळी काय आहे?

गोदाकाठ
वेगळी ही की तुम्ही आधी बंद करा म्हणताय. तिथे पण सुरुवात कुणीतरी कुणाला तरी माउस धरून शिकवण्यापासूनच झाली.

साझ्यावरून
सरकारी नोकरीत आहे, कुठल्या खात्यात ते विचारू नका. १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्राने नकाशांवरची बरीच बंधनं उठवली, डिसेंबर २०२२ ला राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं, त्याआधी २०१२ चं डेटा शेअरिंगचं धोरण होतंच. कागदावर सगळं मोकळं. पण खाली कुणाला एक लेअर मागा, उत्तर ठरलेलं, 'सुरक्षेचा विषय आहे, वरून लेखी आणा'. वरचे म्हणतात धोरण आहे की, वेगळं लेखी कशाला. मी स्वतः क्यूजीआयएस चांगलं शिकलोय, साहेबांसाठी सुंदर नकाशे काढतो, ते फ्रेम करून भिंतीवर लागतात. डेटा माझ्याच पीसीत. मला आता सॉफ्टवेअरचं आणखी ट्रेनिंग नकोय, साहेबांना एक दिवस बसवा आणि सांगा की हे दिलं तर नोकरी जात नाही.

सर्व्हररूम
हे खरं दुखणं आहे. तरी साहेब लोक उद्घाटनाला येतात आणि नारळ फोडून पहिल्या ब्रेकच्या आधीच निघून जातात.

नकाशेवाला
मग साहेबांची कार्यशाळा घ्या, मी फुकट शिकवतो. पण जिल्ह्याला एक कायमचा माणूस हवाच, यावर मी ठाम आहे.

साझ्यावरून
आणायचा कुठून? आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, ते पदच नाही. कंत्राटी घेतला तर अकरा महिन्यांनी जातो आणि जाताना पासवर्डही घेऊन जातो.

नकाशेवाला
अहो म्हणूनच म्हणतोय, कार्यशाळांचा पैसा त्याच्या पगाराला वळवा.

मास्तर_भूगोल
खर्चाचं हेड वेगळं असतं हो, प्रशिक्षणाचा निधी पगारावर टाकता येत नाही. मार्चअखेर खर्च झाला नाही तर परत जातो. फेब्रुवारीतच सगळ्यांना जीआयएसचा एवढा पुळका का येतो असं वाटतं तुम्हाला?