घरपट्टीवर शाळा-कर: दहा मुलांसाठी सगळ्या गावाने का भरायचं?

खाजन: काल इथे, गोव्याच्या या चर्चेत एकाने लिहिलं, ‘गावच्या सरकारी प्राथमिक शाळेत दहा पोरं उरलीत, त्यांच्यासाठी आमच्या घरपट्टीवर कर कशाला? कुलूप लावा.’ खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. म्हणून हे लांबलचक.

समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून शाळेला मिळणारं वार्षिक अनुदान पटावर ठरतं. 30 पर्यंत मुलं असतील तर 10,000 रुपये, त्यापुढे 100 पर्यंत 25,000. पट घसरला की पैसे घसरतात, कौलं मात्र तेवढीच राहतात. त्या दहा हजारांत खडू, रजिस्टरं, नळ, दिवे, आणि 10 टक्के स्वच्छतेवर घालायचे. आता मंगलोरी छपराचे दोन उतार मिळतात तिथला पन्हळीचा पत्रा गंजला समजा. पाणी आधी कौलांखालच्या लाकडी रिपेत, मग भिंतीत, मग स्विचबोर्डात. पत्रा बदलणं दोन दिवसांचं काम. पण प्रस्ताव शिक्षण खात्याकडे, अंदाजपत्रक, निविदा, आणि कामाचा आदेश हातात पडेपर्यंत मिरग, म्हणजे पावसाळा, दारात. पावसात छप्पर उघडता येत नाही, काम पुढच्या वर्षावर. पालक ओली भिंत बघतो नि दाखला काढून नेतो.

त्याऐवजी 1,200 घरांच्या पंचायतीने शाळा-कर म्हणून घरामागे वर्षाला 300 रुपये घेतले तर 3 लाख 60 हजार. निम्मीच वसुली धरा. तरी अनुदानाच्या अठरापट.

तिस्कावयलो: हिशेब बरा जमवलात. पण ग्रामसभेत हात वर केले म्हणून कर लागत नाही. संविधानाचं कलम 243 एच बघा: राज्याच्या कायद्याने अधिकार दिला तरच पंचायतीला कर लावता येतो, आणि तोही त्या मर्यादेत. दुसरं, इमारत शिक्षण खात्याची. ना हरकत पत्र न घेता पंचायतीने तिच्यावर खर्च केला, तर लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला. शाळा भाड्याच्या जागेत असेल तर घरमालकाला विचारा. आणि पैसे पंचायत निधीच्या एकाच खात्यात पडले की गटारं नि रस्त्यावरचे दिवे ते गिळून टाकणार. केंद्राचा 4 टक्के आरोग्य-शिक्षण उपकर 2018 पासून चालू आहे. त्यातलं तुमच्या छपरावर काय पोचलं?

खाजन: उपकराचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं. उपकर राज्यांना वाटायच्या करांत धरत नाहीत. तो केंद्राकडे जातो आणि योजनेच्या अटी घेऊन परत येतो. म्हणून तर गावचा पैसा गावात हवा. खातं वेगळं, सही सचिवाची आणि शाळा व्यवस्थापन समितीची. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्या समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात.

कुळागर: पत्र्यामुळे शाळा ओस पडल्या हे आजच कळलं. 1990 साली गोवा सरकारने खाजगी प्राथमिक शाळांचं अनुदान मराठी-कोकणी माध्यमापुरतं ठेवलं. 2011 मध्ये ते इंग्रजीला उघडलं. मातृभाषेतून शिक्षण मागणारा भाषा सुरक्षा मंच रस्त्यावर उतरला, 2012 मध्ये सरकार बदललं, आणि चर्चच्या इंग्रजी शाळांचं अनुदान तसंच चालू राहिलं. त्यावर एक अक्षर नाही आणि घरपट्टीवर एवढं पुराण!

सुरंगी: आलं माध्यम! धागा कसलाही असो, हे घुसवल्याशिवाय तुम्हाला जेवण जात नाही. पालक मूर्ख नाहीत. 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक हा नियम. त्यातला एक निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामाला गेला (शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ला ते चालतं) की पहिली ते चौथी एकाच माणसापुढे. मराठी असो की इंग्रजी, त्या दिवशी शिकवणं होत नाही.

कुळागर: व्यासपीठावर मराठीसाठी गळा काढणाऱ्यांची नातवंडं कुठे शिकतात तेही लिहा ना. की ते बोलायचं नाही?

सुरंगी: कुणाच्या घरात डोकावायची हौस मला नाही. तुम्ही बालरथाबद्दल का गप्प? अनुदानित संस्थांना सरकारी योजनेतून बस मिळते, ती वाड्यावर येऊन पहिलीचं पोर उचलते. त्याच वाड्यावरच्या सरकारी शाळेचा पट मग कमी पडतो, आणि अनुदानही. एकच तिजोरी दोन्ही कामं करते.

कुळागर: हे खरं. पण बस जाते कुठे? इंग्रजीच्याच दारात ना?

सुरंगी: मराठी संस्थांनाही बालरथ आहेत. फेरी मारून बघा.

मांडवीकाठ: तुमची जुगलबंदी संपली असेल तर मूळ प्रश्न. हॉटेलं नि बंद फ्लॅट किनाऱ्यावरच्या कळंगुट-कांदोळीत. सत्तरी, सांगे, धारबांदोडा या आतल्या तालुक्यांत घरपट्टी मुळातच तुटपुंजी. ‘गावचा पैसा गावात’ म्हणजे किनाऱ्यावर नवी फरशी आणि तिकडे ओली भिंत. कर लावायचाच तर राज्यभर एकत्र करा, आणि वाटप पटावर नको, छपराच्या क्षेत्रफळावर करा. 2011 च्या जनगणनेत गोव्यातलं साधारण पाचातलं एक घर रिकामं होतं. दुप्पट दर त्यांना लावा, राहत्या घरांना हात नको.

खाजन: एकत्र केलं की पुन्हा प्रस्ताव, निविदा, मिरग. निम्मं गावात, निम्मं वाटपाला, एवढं चालेल.

तिस्कावयलो: बंद घरांवर लावायला माझी ना नाही. ते मालक ग्रामसभेला फिरकत नाहीत, ठराव बिनविरोध होईल! वसुलीचं बोला. कुलपाला नोटीस चिकटवून पैसा येत नाही. घर विकताना नाव बदलायला पंचायतीत यावं लागतं, तिथे थकबाकी अडवली तरच येईल. शिवाय घर ‘बंद’ कोण ठरवणार? सरपंच?

मांडवीकाठ: वीजबिल. बारा महिन्यांचे युनिट बघायचे.

तिस्कावयलो: फ्रिज चालू ठेवून गेला की झालं राहतं घर! आणि युनिटांची माहिती वीज खात्याकडे, ती पंचायतीला द्यायची तरतूदही, कराचा अधिकार देणाऱ्या कायद्याच्या दुरुस्तीतच घालावी लागेल. आमदाराकडे मसुदा कोण नेणार ते आधी ठरवा. झेरॉक्स मी काढतो.

कुळागर: मसुदा कुठल्या भाषेत?