मदत हवी आहे : हा ट्रॅक्टर नेमका कुठला?

मंडळी, एक जुना ट्रॅक्टर घेतलाय आणि त्याने डोक्याचा पार भुगा केलाय, कारण आधीच्या कुणीतरी मिळेल तो पार्ट लावून तो घरीच जुळवलेला दिसतो, नंबर प्लेट तर कधीच गायब. गिअरबॉक्स आणि मागचा भाग मला फर्ग्युसन कंपनीच्या टीई २० ट्रॅक्टरचा वाटतोय, म्हणजे १९४६ ते १९५६ मध्ये निघायचा तो, कारण ४ पुढचे गिअर आहेत आणि गिअरची दांडी एस (S) खुणेवर नेली की स्टार्टर फिरतो (ही आयडिया मला जाम आवडते, गिअरमध्ये असताना चुकून चालू व्हायची भीतीच नाही).

पण इंजिन ३ सिलेंडरचं डिझेल आहे! टीई २० ला कंपनीकडून ४ सिलेंडरचंच यायचं, मग हे पर्किन्स कंपनीचं पी३ इंजिन की त्यांचंच नंतरचं ३.१५२? स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) दोन्हीचा १२७ मिमीच, फरक बोअरचा (सिलेंडरच्या आतल्या व्यासाचा), पी३ चा ८८.९ आणि दुसऱ्याचा ९१.४४, पण तो मोजायला हेड (इंजिनचं वरचं झाकण) उघडावं लागेल आणि चालू इंजिन उगाच खोलायचं जिवावर येतंय. बोनेट तर पत्रा कापून वेल्डिंग केलेलं, त्यावरून काहीच कळत नाही, आणि रंगाचे तर ३ थर आहेत.

हेड न खोलता बाहेरून ही दोन इंजिनं कशी ओळखायची? ब्लॉकवर नंबर नेमका कुठल्या बाजूला शोधू, सगळीकडे ग्रीसचा थर बसलाय हो. गॅस्केट आणि लायनर (सिलेंडरच्या आतली नळी) मागवायचेत म्हणून घाई आहे, कुणी असलं प्रकरण हाताळलं असेल तर प्लीज सांगा, फोटो लागतील तसे टाकतो.