'नेमकं करतेस काय?' : ग्रामसभा, माहिती अधिकार, वॉर्ड... या कामातले तुमचे अनुभव

मुक्कामी_एसटी
परवा लग्नात मावशीने विचारलं, "सरकारी की खाजगी?" दोन्ही नाही म्हटल्यावर तिने जिलबीचा विषय काढला. सात वर्षं ग्रामपंचायतींसोबत काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. लोकशाही गावात रुजवायची, असं आमच्या माहितीपत्रकात छापलंय. रोजचं काम वेगळंच असतं. तेच लिहा, फोटोतलं नको.

माझ्यापासून सुरुवात. पहिलीच ग्रामसभा, २ ऑक्टोबरची. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी: १५ टक्के किंवा १०० मतदार, यात जे कमी ते. सभेत माणसं बावीस, रजिस्टरवर सह्या एकशे चार. रजिस्टर सकाळीच घरोघर फिरून आलं होतं! इतिवृत्त सुट्या कागदावर, "नंतर फेअर करतो" म्हणून. महिन्याने पाहिलं तर बायकांनी मागितलेला नळ गायब आणि न मागितलेली कमान मंजूर. तेव्हापासून माझा एकच हट्ट: ठराव तिथेच लिहायचा, मोठ्याने वाचायचा आणि शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारायची. पुढे कोणाला काही घुसवता येऊ नये म्हणून. सात वर्षांत मी काय केलं, तर रेघा मारल्या.

पाणीकम_चहा
रेघेला अनुमोदन. मी माहिती अधिकारवाला. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्द. लोकांना वाटतं हे भांडणाचं काम. छे, वाचनाचं आहे. डांबराची जाडी मोजमाप पुस्तिकेत किती आणि रस्त्यावर किती, एवढंच बघत बसायचं. एका कार्यालयाने उत्तराची ३० दिवसांची मुदत संपता संपता कळवलं, माहिती विस्तृत आहे, येऊन पाहा. गेलो, तर कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. असं तीनदा. चौथ्या खेपेला शिपाईमामांनी चहा मागवला आणि हळूच म्हणाले, "किल्ली कशाला? कपाट उघडंच असतंय. तिसऱ्या कप्प्यात बघा." माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे यातलं बरंच काही न मागता जाहीर करायचं असतं, ते राहिलंच.

रोकडवही
मी उलट बाजूने आले. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या. आमच्या गावात सरपंचपदाला आरक्षण पडलं आणि घरच्यांनी मला उभं केलं. पहिले सहा महिने खुर्चीत मी, बोलणं 'यांचं'. एक दिवस चेकवर सही करताना विचारलं, "हा कशाचा?" ग्रामसेवकांनी उत्तर दिलं, पण बघत होते यांच्याकडे. मी पेनाला टोपण लावलं. म्हटलं, आधी नमुना ५ची रोकडवही, म्हणजे पंचायतीच्या जमा-खर्चाची वही आणा. आणली. मला त्यातलं ओ का ठो कळलं नाही, तरी पानं उलटत राहिले. दुसऱ्या दिवशी पुतणीला घेऊन बसले, अकरावी कॉमर्सची. जमा-खर्च तिने शिकवला.

आता नव्या महिला सदस्यांची प्रशिक्षणं घेते. गावाच्या विकास आराखड्याच्या आधी त्यांना चेकबुक शिकवते. काही साहेबांना ते आवडत नाही.

अर्धवट_ठराव
पगाराचं कोणी बोलेना, म्हणून मी. प्रोजेक्ट तीन वर्षांचं, पगारही तीन वर्षांचा. दोनदा घरी बसलोय. बायकोची शाळेतली नोकरी नसती तर मीही कुठेतरी विमा विकत असतो. येणाऱ्यांनी हे धरूनच यावं.

पेठेतला
पुण्यात २००६पासून नागरिकांना महापालिकेच्या बजेटमध्ये कामं सुचवता येतात. आमच्या गटाने किती फॉर्म भरून घेतले, गणती नाही. येतं काय? बाक. एका आजींनी मात्र फॉर्मवर लिहिलं, "दवाखान्याची पायरी उंच आहे, अर्धी करा." दोन वर्षं पाठपुरावा केला. मार्च २०२२मध्ये मुदत संपून प्रशासक आले, नगरसेवकच उरले नाहीत, मग सरळ वॉर्ड ऑफिसला चकरा. पायरी झाली. मधोमध एक वाढवलीय, जरा वाकडी आहे.

मुक्कामी_एसटी
@पेठेतला, पायरीचा फोटो टाका ना. मावशीला तोच दाखवते.
@रोकडवही, ताई, चेकबुकाचा तास आमच्या तालुक्यात घ्याल का? जेवण आमच्याकडे, एसटीचं तिकीटही. मानधनाचं वर विचारून सांगते.

रोकडवही
येते गं. पण मानधन आधी ठरव, आणि लिहून दे.